ठेवायची फाइल वेगळी, द्यायची फाइल वेगळी

टाइमलाइनवरचा शेवटचा तुकडा जागेवर बसला, आवाजाची पातळी जुळली, नावे तपासून झाली, की संपादकाला काम संपल्यासारखे वाटते. पण खरे म्हणजे एक निर्णय अजून बाकी असतो. एक्स्पोर्टची खिडकी उघडते आणि तिथे फॉरमॅट, कोडेक, प्रोफाइल, बिटरेट, की-फ्रेम अशा शब्दांची लांबलचक यादी समोर येते. मग बहुतेक जण गेल्या वेळी जे निवडले होते तेच पुन्हा निवडतात, किंवा गुणवत्तेची पट्टी उजवीकडे टोकापर्यंत ओढून मोकळे होतात. मी व्याख्याने, गाण्याच्या बैठका, शाळांची स्नेहसंमेलने आणि गणेशोत्सवातल्या मिरवणुका यांचे चित्रण संपादित करते, आणि या कामात माझे एक मत पक्के झाले आहे. एक्स्पोर्टमधल्या बहुतेक अडचणी चुकीच्या कोडेकमुळे येत नाहीत. जपून ठेवण्यासाठी आणि लोकांना देण्यासाठी एकच फाइल चालवून घेण्याच्या हट्टामुळे त्या येतात. या दोन कामांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि मधला मार्ग काढायला गेले की फाइल घरी ठेवायला अपुरी आणि पाहुण्याला द्यायला अवजड होते.

आधी एक घोळ दूर करायला हवा. 'एमपी४मध्ये द्या' असे म्हणणाऱ्याने कोडेकबद्दल काहीही सांगितलेले नसते. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय हे सगळे कंटेनर आहेत, म्हणजे चित्र, आवाज, उपशीर्षके आणि त्यांचा वेळेचा हिशेब एकत्र बांधून ठेवण्याच्या पद्धती आहेत. आतले चित्र कोणत्या रीतीने आकुंचित केले आहे ते कोडेक ठरवतो. एकाच एमपी४च्या आत २००३ साली प्रमाण झालेला एच.२६४ असू शकतो, २०१३चा एच.२६५ असू शकतो किंवा २०१८चा एव्ही१ही असू शकतो. बाहेरून तिन्ही फाइली सारख्याच दिसतात आणि जुन्या टीव्हीवर त्यांतली बहुधा पहिलीच चालते. म्हणून 'तुमची एमपी४ चालत नाही' अशी तक्रार आली, तर नावाच्या शेवटी जोडलेल्या अक्षरांकडे पाहून काही निष्पन्न होत नाही. मीडियाइन्फो नावाचे छोटे, मोफत सॉफ्टवेअर संगणकावर असावे; फाइलच्या आत काय आहे ते ती उघडून स्पष्ट सांगते.

आता थोडे गणित करू, कारण त्याशिवाय पुढचे बोलणे हवेत राहील. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूला २४ बिट आणि सेकंदाला २५ फ्रेम, असे काहीही आकुंचन न करता साठवले तर सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट जागा लागते, आणि तासाभराचा कार्यक्रम ५६० गिगाबाइटपर्यंत जातो. तोच कार्यक्रम ८ मेगाबिट प्रतिसेकंद या दराने (या दरालाच बिटरेट म्हणतात) एच.२६४मध्ये काढला, तर तासाला ३.६ गिगाबाइट पुरतात. म्हणजे मूळ माहितीतला साधारण दीडशेवा हिस्सा शिल्लक राहतो, आणि तरीही बघणाऱ्याला चित्र स्वच्छ दिसते. ही करामत खरोखर थक्क करणारी आहे. पण जे काढून टाकले ते परत मिळत नाही, हेही तितकेच खरे.

ही करामत होते कशी, ते समजले की निवड निम्मी सोपी होते. एच.२६४सारखा कोडेक दर फ्रेमचे पूर्ण चित्र साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम साठवतो आणि मधल्या फ्रेमसाठी फक्त काय बदलले आणि कोणता ठोकळा कुठे सरकला, एवढेच लिहितो. दुकानाच्या वहीत एक तारखेची शिल्लक लिहिलेली असावी आणि पुढे नुसती रोजची जमा-खर्चाची नोंद असावी, तसाच हा प्रकार आहे. वीस तारखेची शिल्लक हवी असेल तर एक तारखेपासून बेरीज करत यावे लागते. फाइल सलग बघताना ही बेरीज आपोआप होत जाते आणि कुणाला जाणवतही नाही. पण संपादन करताना आपण टाइमलाइनवर मागेपुढे उड्या मारतो, मध्येच कापतो, उलटे चालवतो, आणि प्रत्येक वेळी संगणकाला ही बेरीज पहिल्यापासून करावी लागते. चांगल्या संगणकावरही मोबाइलचे चित्रण अडखळते ते यामुळे. याउलट ॲपलचा प्रोरेस किंवा अ‍ॅव्हिडचा डीएनएक्सएचआर यांच्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते. फाइल अवाढव्य होते, पण कुठूनही उघडा, कुठेही कापा, चित्र लगेच समोर येते.

जपून ठेवायची प्रत, म्हणजे मास्टर, मी याच दुसऱ्या जातीच्या कोडेकमध्ये काढते. प्रोरेस ४२२चा दर १०८०पी आणि २५ फ्रेमला १२२ मेगाबिट प्रतिसेकंद आहे, म्हणजे तासाला साधारण ५५ गिगाबाइट. त्याच्यावरचा एचक्यू हा प्रकार १८४ मेगाबिट घेतो आणि तासाला ८३ गिगाबाइटच्या आसपास जातो. आकडे ऐकून अनेकांच्या पोटात गोळा येतो. पण मास्टरपासून पुढे ज्या चार-पाच प्रती निघणार, त्या सगळ्या इथूनच निघणार असतात. दोन वर्षांनी आयोजकांनी 'त्यातला फक्त अध्यक्षांच्या भाषणाचा भाग वेगळा काढून द्या' असे सांगितले, तर जुना प्रोजेक्ट उघडून हरवलेले फॉन्ट आणि बदललेल्या आवृत्त्या यांच्याशी झटापट करावी लागत नाही. मास्टर उघडायचा, कापायचा, द्यायचा. एच.२६४मध्ये आधीच पिळून काढलेली फाइल पुन्हा कापून पुन्हा एच.२६४मध्ये काढली, तर प्रत्येक फेरीत थोडे थोडे झिजते. पहिल्या फेरीत हे डोळ्यांना कळत नाही, पण तिसऱ्या फेरीला चेहऱ्यावरची कातडी मेणासारखी गुळगुळीत दिसू लागते.

मास्टर एचक्यूमध्येच काढला पाहिजे असे काही नाही. मोबाइलवर किंवा साध्या कॅमेऱ्यावर ८ बिटमध्ये चित्रित झालेल्या व्याख्यानाला प्रोरेस ४२२ पुरून उरतो, आणि मंचावर माणूस एकाच जागी उभा राहून बोलत असेल तर त्याखालचा एलटी हा प्रकारही पुरतो. जे कॅमेऱ्यानेच टिपले नाही, ते फाइल फुगवून येणार नाही. विंडोजवर काम करणाऱ्यांनी प्रोरेसचा आग्रह न धरता डीएनएक्सएचआर घेतला तरी काही बिघडत नाही. दोघांत डाव्या-उजव्याचा निवाडा करण्यात वेळ घालवू नये. संग्रहालयांच्या वाटेने जायचे असेल, तर एफएफव्ही१ हा काहीही न गमावता आकुंचन करणारा खुला कोडेक आहे. त्याचे वर्णन २०२१ साली आरएफसी ९०४३ या खुल्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाले आहे आणि अभिलेखागारे तो गांभीर्याने वापरतात. मात्र संपादनाच्या सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो सरळ उघडेल याची खात्री नाही.

मास्टरमधला आवाज मात्र अजिबात आकुंचित करू नये. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल असा मूळ पीसीएम आवाज तासाला जेमतेम १ गिगाबाइट जागा घेतो. ५५ गिगाबाइटच्या शेजारी हा १ गिगाबाइट वाचवण्यात कोणते शहाणपण आहे? गाण्याच्या बैठकीत तानपुऱ्याची जवारी ही सगळी वरच्या स्वरांशांची किमया असते, आणि कमी बिटरेटच्या आकुंचनात पहिला बळी त्यांचाच जातो. द्यायच्या फाइलीत एएसी हा कोडेक वापरावाच लागतो, कारण एमपी४च्या आतला पीसीएम अनेक प्लेअरना वाजवता येत नाही. पण गाणे असेल तर तिथेही मी ३२० किलोबिटच्या खाली उतरत नाही. निवेदनाला आणि भाषणाला १९२ पुष्कळ झाले.

आता द्यायच्या फाइलीकडे वळू. इथे 'सर्वांत चांगला फॉरमॅट कोणता' हा प्रश्नच चुकीचा आहे. फाइल कुणाच्या हातात, कोणत्या यंत्रावर उघडणार, एवढेच विचारायचे. आपल्याकडे आजही कार्यक्रमाची फाइल पेन ड्राइव्हवर मागितली जाते आणि ती घरच्या टीव्हीच्या मागे खोचली जाते. टीव्ही किती जुना आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसते. अशा वेळी माझा ठरलेला साचा आहे: एमपी४, एच.२६४, हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१, ८ बिट, ४:२:० (रंग काटकसरीने साठवण्याची पद्धत, तिच्याबद्दल पुढे), आवाज एएसी. लेव्हल ४.१ म्हणजे १०८०पीला सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतची मर्यादा, आणि बहुसंख्य टीव्हींतल्या चिप एवढे सहज वाचतात. हौसेने १० बिटचा एच.२६४ काढला तर संगणकावर तो सुरेख चालतो आणि टीव्हीवर नुसता आवाज येतो, कारण १० बिटचा एच.२६४ वाचणारी चिप घरगुती यंत्रांत सहसा नसते.

पेन ड्राइव्हचा स्वतःचा एक जाच आहे. तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर एका फाइलची मर्यादा ४ गिगाबाइट. ड्राइव्ह ६४चा असो की १२८चा, त्याने फरक पडत नाही. १० मेगाबिटच्या दराने ही मर्यादा साधारण ५७ मिनिटांत गाठली जाते. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की मर्यादा जाते, पण काही जुने टीव्ही एक्सफॅट ओळखतच नाहीत. म्हणून अडीच तासांच्या नाटकाची किंवा बैठकीची फाइल मी मध्यंतराशी तोडते, आणि गरज पडली तर पूर्वार्धाचेही दोन भाग करते. 'भाग १', 'भाग २' अशी नावे न देता '01', '02' अशी इंग्रजी आकड्यांनी सुरू होणारी नावे द्यावीत, कारण टीव्हीच्या यादीत देवनागरी नावांच्या जागी कधी कधी चौकोन दिसतात आणि मग उत्तरार्ध आधी लागतो.

यूट्यूबचे प्रकरण अगदी निराळे आहे. तिथे आपण दिलेली फाइल प्रेक्षकापर्यंत जातच नाही. यूट्यूब तिच्यावरून स्वतःच्या प्रती एच.२६४, व्हीपी९ आणि एव्ही१ अशा वेगवेगळ्या कोडेकमध्ये बनवते आणि प्रेक्षकाचे यंत्र व त्याचा इंटरनेटचा वेग पाहून त्यांतली एक पाठवते. म्हणजे यूट्यूबला दिलेली फाइल हा कच्चा माल आहे. १०८०पीला २४ ते ३० फ्रेमसाठी ८ मेगाबिट, ५० किंवा ६० फ्रेमसाठी १२ मेगाबिट आणि ४केला ३५ ते ४५ मेगाबिट हे यूट्यूबने सुचवलेले दर आहेत. लोक त्यांना कमाल मर्यादा समजतात. मी त्यांना किमान समजते. पुन्हा पिळले जाणारच असेल तर आपण आधीच पिळून कशाला द्यायचे? वायफाय चांगले असेल तर १०८०पीला २० ते २५ मेगाबिट देऊन मोकळे व्हावे. यूट्यूब प्रोरेसही घेते, पण ५५ गिगाबाइट अपलोड करताना जी रात्र जाते तिच्या मानाने डोळ्यांना दिसणारा फायदा फार थोडा आहे.

व्हॉट्सॲपसाठी फार विचार करू नये. 'ताई, व्हॉट्सॲपवर जाईल असं करून द्या ना,' असे कुणी म्हणाले की मी ७२०पीची एक लहान फाइल काढते आणि ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगते. व्हिडिओ म्हणून पाठवली की व्हॉट्सॲप तिला पुन्हा दाबते. डॉक्युमेंट म्हणून २ गिगाबाइटपर्यंतची फाइल आहे तशी पोहोचते.

आता बिटरेटविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण खरी गोम तिथे आहे. वर सांगितलेले सगळे दर हे सरासरीचे आहेत, आणि चित्र कधी सरासरी नसते. भाषण करणाऱ्या वक्त्याचे चित्र घ्या: मागचा पडदा स्थिर, व्यासपीठ स्थिर, हलतात ते फक्त ओठ, हात आणि चष्म्यावरचा उजेड. एनकोडरला, म्हणजे चित्र आकुंचित करणाऱ्या प्रोग्रामला, मधल्या फ्रेममध्ये लिहायला जवळजवळ काही नसते, आणि २ ते ३ मेगाबिटमध्येही चित्र नितळ राहते. आता विसर्जनाची मिरवणूक घ्या. ढोल-ताशाचे पथक एका लयीत वाकते आहे, झांजा चमकताहेत, ध्वज फिरताहेत, आणि एकदम गुलालाची मूठ हवेत उडते. एनकोडर आधीच्या फ्रेममधला ठोकळा या फ्रेममध्ये कुठे सरकला ते शोधत असतो. पण गुलालाचा कण आधीच्या फ्रेममध्ये त्या जागी नव्हता आणि पुढच्या फ्रेममध्येही नसणार. हजारो कण, प्रत्येकाची वाट वेगळी, आणि त्यांच्यामागचे चेहरे अर्धे झाकलेले, अर्धे उघडे. जुळणारे काहीच सापडत नाही म्हणून सगळे नव्याने लिहावे लागते, आणि ८ मेगाबिटचा ठरलेला शिधा संपला की एनकोडर तपशील सोडून देतो. चित्र थांबवून पाहिले तर गुलालाच्या ढगाच्या जागी लालसर चौकोनांची फरशी दिसते. पावसाळ्यातला घाट, धबधबा, वारीत पावसात चाललेली गर्दी आणि लग्नात उडणाऱ्या अक्षता यांचीही तीच गत.

म्हणूनच जिथे फाइलचा आकार आधी ठरलेला नाही, तिथे मी बिटरेट ठरवतच नाही, गुणवत्ता ठरवते. एक्स२६४ या एनकोडरमध्ये, आणि तो वापरणाऱ्या हँडब्रेक, शॉटकट, केडेनलाइव्ह यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही, त्यासाठी सीआरएफ नावाचा आकडा असतो. तो जितका लहान तितके चित्र चांगले. एक्स२६४मध्ये तो मुळात २३वर ठेवलेला असतो, आणि आकडा ६ने कमी केला की फाइल साधारण दुप्पट होते. मी १८ ते २० यांच्या दरम्यान राहते. सीआरएफ २०ला एखादे व्याख्यान ३ मेगाबिटच्या आत बसते आणि मिरवणूक २५च्या पुढे जाते, आणि दोन्ही बघणाऱ्याला सारखीच चांगली दिसतात. ज्याला गरज आहे त्याला जास्त, ज्याला नाही त्याला कमी. पेन ड्राइव्हसारखी आकाराची सक्ती असेल तेव्हाच सरासरी बिटरेट ठरवून दोन फेऱ्यांचे एनकोडिंग करावे. पहिल्या फेरीत एनकोडर पूर्ण फाइल बघून कुठे किती खर्च करायचा याचा अंदाज घेतो आणि दुसऱ्या फेरीत तो अमलात आणतो. स्थिर बिटरेट, म्हणजे सीबीआर, थेट प्रक्षेपणाची गोष्ट आहे. तयार फाइलीसाठी तो नुसती उधळपट्टी करतो.

लाल रंगाचे दुखणे याहून सूक्ष्म आहे आणि मराठी शीर्षकांना ते विशेष छळते. ४:२:० या पद्धतीत प्रत्येक बिंदूचा उजेड-अंधार स्वतंत्र साठवला जातो, पण रंग मात्र चार बिंदूंना मिळून एकच असतो. डोळा रंगापेक्षा उजेडातला फरक अधिक बारकाईने टिपतो, म्हणून ही काटकसर सहसा लक्षात येत नाही. मात्र एचडी चित्रांच्या रेक. ७०९ या प्रमाणात उजेडाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा ०.७१५२ आणि लालचा अवघा ०.२१२६ असतो. म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर शुद्ध लाल अक्षरे टाकली, तर उजेडाच्या थरात त्यांची कड फिकी उमटते आणि अक्षराचा आकार रंगाच्या थरावर अवलंबून राहतो, जो प्रत्येक दिशेने निम्माच बारकावा बाळगतो. इंग्रजी ठळक अक्षरे यातून निभावून जातात. देवनागरीत शिरोरेघेवरची बारीक मात्रा, अनुस्वाराचा ठिपका, रफार आणि 'श्री'मधली तिरकी रेघ हे सगळे दोन-तीन बिंदूंच्या जाडीचे असते आणि तेच पुसट होते. कार्यक्रमपत्रिकेवर लाल अक्षरांत 'श्रीं'चे नाव असते म्हणून व्हिडिओतही तसेच हवे, असा आग्रह असतो. तो मोडायचा नसेल तर अक्षरांना पांढरी किंवा पिवळी बारीक कड द्यावी, जाड वळणाचा फॉन्ट घ्यावा, किंवा लाल रंग भगव्याकडे झुकवावा, कारण भगव्यात हिरव्याचा अंश येतो आणि उजेडाच्या थरात अक्षर सावरते. मास्टर ४:२:२ किंवा ४:४:४मध्ये असेल तर त्यात हे अक्षर स्पष्ट राहते, पण लोक जे बघतात ते ४:२:०च असते. म्हणून शीर्षकाची परीक्षा मास्टरवर न घेता द्यायच्या फाइलीवरच घ्यावी.

८ आणि १० बिटचा प्रश्न यापेक्षा साधा आहे. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळचे आकाश, मंचामागचा निळसर पडदा, धुके अशा हळूहळू बदलणाऱ्या रंगांत २५६ पायऱ्या कमी पडतात आणि आडव्या पट्ट्या दिसू लागतात. मास्टर १० बिटचा ठेवावा. द्यायच्या फाइलीत पट्ट्या दिसल्या तर अगदी बारीक दाणा मिसळावा, त्या झाकल्या जातात.

फ्रेमच्या दराबद्दल एकच गोष्ट बजावून सांगते: चित्रण ज्या दराने झाले त्याच दराने एक्स्पोर्ट करावे. भारतात टीव्हीची परंपरा २५ फ्रेमची आणि वीज ५० हर्ट्झची, तर मोबाइल मुळात ३०वर चालतात. ३०चे २५ करताना दर सहा फ्रेममागे एक गाळली जाते, आणि कॅमेरा संथपणे फिरत असेल तर चित्र ठराविक अंतराने उचकी दिल्यासारखे हलते. मोबाइलचा आणखी एक खोडसाळपणा म्हणजे त्याचा दर स्थिर नसतो. उजेड कमी झाला की तो गुपचूप फ्रेम कमी करतो. टाइमलाइन मात्र स्थिर दर धरून चालते, आणि तासाभराच्या भाषणात शेवटी शेवटी ओठ पुढे आणि शब्द मागे राहू लागतात. संपादनाला बसण्यापूर्वीच असे चित्रण हँडब्रेकमध्ये स्थिर दराचे करून घेतले, तर पुढचा सगळा मनस्ताप वाचतो.

वेगाच्या मोहाबद्दलही लिहायला हवे. एक्स्पोर्टच्या खिडकीत एनव्हिडियाचा एनव्हीएन्क, इंटेलचा क्विक सिंक असे ग्राफिक्स चिपवर चालणारे एनकोडर दिसतात, आणि ते एक्स२६४पेक्षा कितीतरी पटींनी लवकर काम उरकतात. पण त्याच बिटरेटमध्ये एक्स२६४चा 'स्लो' प्रीसेट बहुधा अधिक तपशील राखतो, कारण तो जुळणारे ठोकळे अधिक चिकाटीने शोधतो. यूट्यूबला भरपूर बिटरेटने फाइल द्यायची असेल तर चिपवरचा एनकोडर खुशाल वापरावा. पेन ड्राइव्हच्या ४ गिगाबाइटमध्ये मिरवणूक बसवायची असेल तर रात्रभर संगणक चालू ठेवून 'स्लो' वापरावा. आणि रात्रभर म्हटले की वीज आली. एमपी४ची आतली अनुक्रमणिका सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. पहाटे वीज गेली तर नव्वद टक्के लिहून झालेली फाइलही उघडत नाही. एमकेव्हीत निदान तिथपर्यंतचा भाग वाचतो. जिथे लोडशेडिंग नेहमीचे आहे तिथे आधी एमकेव्ही काढून सकाळी तीच माहिती, पुन्हा एनकोड न करता, एमपी४मध्ये हलवणे सोयीचे पडते; एफएफएमपेग नावाचे सॉफ्टवेअर हे काम काही सेकंदांत किंवा फार तर मिनिटभरात करते, आणि तशी सूचना दिली तर त्याच वेळी अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीलाही आणून ठेवते, ज्यामुळे वेबसाइटवर टाकलेला व्हिडिओ पूर्ण उतरण्याची वाट न पाहता सुरू होतो.

मग एच.२६५ कुठे वापरायचा? साधारण निम्म्या बिटरेटमध्ये तेवढेच चित्र द्यावे याच उद्देशाने तो रचला गेला, आणि ४के चित्रणात तो फरक दिसतोही. आयफोनने २०१७पासून तोच कॅमेऱ्याचा मुख्य कोडेक केला. पण पेटंटधारकांचे अनेक गट आणि त्यांचे वेगवेगळे परवाने यांच्यामुळे तो एच.२६४सारखा सगळीकडे झिरपला नाही. विंडोजच्या कित्येक संगणकांवर आजही त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळे एक्स्टेन्शन घ्यावे लागते. व्हीएलसी हा प्लेअर असेल तर प्रश्न नाही, पण समोरच्याकडे व्हीएलसी आहे हे गृहीत धरून फाइल द्यायची नसते. ज्याच्याकडे ४के टीव्ही आहे त्याला मी ४के फाइल एच.२६५मध्येच देते, कारण असे टीव्ही तो वाचतात. याच पेटंटच्या कटकटीला कंटाळून २०१५ साली काही मोठ्या कंपन्यांनी अलायन्स फॉर ओपन मीडिया स्थापन केली आणि त्यातून एव्ही१ आला. तो सुंदर आहे, परवान्याच्या शुल्काशिवाय वापरता येतो, आणि यूट्यूबवर आपण तो रोज नकळत बघतो. हातात द्यायच्या फाइलीसाठी मात्र मी तो अजून वापरत नाही.

लघुपट महोत्सवांना पाठवणाऱ्यांसाठी एवढेच, की चित्रपटगृहातला प्रोजेक्टर यांपैकी काहीच मागत नाही. त्याला डीसीपी, म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज, लागतो: प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे जेपीईजी २०००मध्ये, १२ बिट, एक्सवायझेड रंगपद्धतीत, कमाल २५० मेगाबिट प्रतिसेकंद दराने. डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरने तो घरी बनवता येतो, आणि तिथे मास्टर प्रोरेस एचक्यूमध्ये असल्याचा खरा उपयोग होतो. यूट्यूबवरून उतरवलेली फाइल डीसीपीत घालून तीस फुटी पडद्यावर बघण्याची वेळ कुणावर येऊ नये.

फाइल हातातून सुटण्यापूर्वी ती संपादनाच्या संगणकावर न बघता दुसऱ्या यंत्रावर बघावी, शक्य असेल तर टीव्हीवरच, आणि पहिली दोन मिनिटे बघून समाधान मानू नये. सर्वांत धावपळीचा प्रसंग कुठे आहे ते आपल्याला माहीत असते. तिथे उडी मारून चौकोन दिसतात का ते पाहावे. काळे केस आणि काळा कोट यांच्यातली कड दिसते का ते पाहावे. ती नाहीशी झाली असेल किंवा सगळे काळे राखाडी दिसत असेल, तर १६ ते २३५ आणि ० ते २५५ या दोन श्रेणींची कुठेतरी अदलाबदल झालेली असते. शेवटच्या पाच मिनिटांत आभारप्रदर्शन असते; तिथे वक्त्याचे ओठ आणि शब्द जुळताहेत का ते बघावे, कारण आवाज सरकला असेल तर तो तिथेच सर्वांत जास्त सरकलेला असतो. हे सगळे ठीक असले की पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' करून काढावा, नुसता ओढून नाही.